वाढत्या मापाचा हार्नेस

कुत्रीचा हार्नेस मी दोन मापं मोठा मागवला. आमच्या घरात अंगावर चढणारी प्रत्येक वस्तू अशीच येते. गणवेश घ्यायचा तो पुढच्या वर्षी बसेल असा, स्वेटर घ्यायचा तो बाह्या दुमडून घालता येईल असा. माझ्या लग्नातला कोट आईने याच हिशेबाने शिवून घेतला होता. तो मला नीट बसायला लागला तेव्हा आमची मुलगी दहावीला होती.

भिंगरी दोन वर्षांची आहे. तिची आई कारवानी जातीची. वडिलांविषयी कुणी खात्रीने सांगत नाही. लांब तंगड्या, कंबर एवढीशी आणि अंगात सतत काहीतरी सळसळत असतं. साखळी लावून बाहेर काढली की ती पुढे आणि आम्ही हवेत. म्हणून मोबाइलवर एक हार्नेस पाहिला. चित्रातलं कुत्रं तो घालून फार समजूतदार चेहऱ्याने उभं होतं. मला वाटलं, हा घातला की कुत्रं ओढायचं थांबतं. खाली काय लिहिलंय ते वाचायची मला सवय नाही. औषधाच्या बाटलीवरचंही मी वाचत नाही.

पार्सल आलं. आत नुसत्या पट्ट्यांचा गुंता. मी अंगणात बसून भिंगरीचा पुढचा पाय गळ्याच्या भोकातून काढला, डोकं पोटाच्या पट्ट्यातून. ती तीन पायांवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. दूधवाला फाटकाशी थांबला.

"साहेब, साडी नेसवताय का काय तिला?"

शेवटी कसाबसा घातला. सगळीकडून सैल. म्हटलं, असू दे, अंगाने भरेल.

भरली नाही. तिसऱ्या सकाळी मला ऑफिसची घाई होती, म्हणून साखळी शैलाच्या, म्हणजे बायकोच्या, हातात दिली. समोरून मांजर गेलं. भिंगरीने छातीने जोर लावला आणि शैला डांबरी रस्त्यावर उजव्या हातावर पडली. भिंगरी त्या ढगळ हार्नेसमधून मागच्या मागे निसटली, मांजर सोडून परत आली आणि शैलाचं तोंड चाटत बसली. मनगटाला प्लॅस्टर.

शैला चिडली असती तर बरं झालं असतं. रात्री डाव्या हाताने जेवता जेवता ती शांतपणे म्हणाली, "मला राग नाही आलाय. पण आता मला तिची भीती वाटते हो. जिची भीती वाटते तिला रोज भाकरी कशी घालू? दादाकडे सोडून या. तिथं तिला पळायला तरी मिळेल."

दादा म्हणजे तिचा भाऊ, विलासराव. पलूसचे. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आता ऊस आणि बैल. मी रजा टाकली. शैलाने भिंगरीचं ताट आणि जुनी गोधडी पिशवीत घातली, आणि गाडी निघताना बाहेर आली नाही.

रहिमतपूर

साताऱ्याहून पलूसला हायवेने लवकर पोचता येतं. पण ट्रकचे हॉर्न ऐकून भिंगरी गाडीत उलटी करते, म्हणून आतला रस्ता धरला. रहिमतपूर, पुसेसावळी, कडेगाव. सकाळचं धुकं ज्वारीवर अजून बसलेलं होतं. मी गाडी चालवत होतो आणि ती मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून रस्ता बघत होती. कुणाला सोडायला निघालो असताना त्याने असं करू नये.

रहिमतपूरला चहासाठी थांबलो. तिचे पाय मोकळे व्हावेत म्हणून पुन्हा तोच हार्नेस चढवला. बाकावर दोन म्हातारबा बसले होते. त्यातल्या फेटेवाल्यांनी बशीतला चहा संपेपर्यंत आम्हा दोघांचं निरीक्षण केलं.

"पाव्हणं, ही झूल हाय व्हय?"

"नाही, हार्नेस आहे."

"मंग जुंपताय कशाला?"

"जुंपत नाही. ओढू नये म्हणून घातलाय."

"आन् ढिला का एवढा?"

"वाढत्या अंगाची आहे."

"किती वर्साची?"

"दोन."

फेटेवाल्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यांनी बशी खाली ठेवली. ते म्हणाले, "दोन वर्साची कुत्री आता आनि काय वाढायची वो? उंटीन हुनार हाय का?"

चहावाल्यासकट सगळे हसले. भिंगरीने त्या गडबडीत माझ्या हातातली खारी खाल्ली. फेटेवाल्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "गुणाची हाय. कुठं नेताय?"

"मेहुण्याकडं. पलूसला. सोडायला."

"आसं," एवढंच ते म्हणाले. पुढचा चहा मला गोड लागला नाही.

पलूस, पहिला दिवस

विलासरावांची वस्ती गावापासून थोडी लांब, चारी बाजूंनी उसात बुडालेली. तोडणीचा हंगाम असल्यामुळे एका अंगाला रान मोकळं झालं होतं, दुसऱ्या अंगाला उसाची भिंत. मी मनात म्हटलं, शैलाचं बरोबर आहे. इथे भिंगरी वाऱ्यासारखी पळेल. आपल्या कॉलनीत तिला काय मिळतं? पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं.

"या दाजी!" विलासरावांनी माझी बॅग घेतली. "लय तयारी करून ठिवलीया. हे बघा."

आंब्याखाली नवा खुंटा ठोकला होता. त्याला चकचकीत साखळी. वर पत्र्याचं छप्पर.

"दिवसा?" मी विचारलं.

"दिवसाबी अन् रात्रीबी. शेजारच्या कोंबड्या हायत, तिनं एक धरली तर भांडान. आन् अंधार पडला की बिबट्या. गेल्या महिन्यात वरच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं की त्यानं. मोकळं सोडाया येत न्हाई आता."

मी खुंट्याकडे बघत राहिलो. आम्ही साताऱ्यात बसून ज्याला मोकळं रान समजत होतो ते एका साखळीच्या लांबीएवढं होतं. आमच्या घरी ती भिंगरी, तिला गोधडी, तिच्याशी बोलणं. इथे कुत्रं म्हणजे राखणीचं कुत्रं. विलासराव तिला उपाशी ठेवणार नव्हते, मारणारही नव्हते. पण ही कुत्री पळण्यासाठी जन्मलेली, आणि मी तिला बांधून घालायला एवढ्या लांब आणली होती.

जेवायला कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, लसणीचा खर्डा. विलासरावांची मुलगी स्वप्नाली शाळेत खेळ शिकवते. तिकडच्या रीतीने आत्याच्या नवऱ्याला, म्हणजे मला, ती मामा म्हणते. ती जेवता जेवता भिंगरीच्या हार्नेसकडे बघत होती. शेवटी ताट सारून उठली आणि भिंगरीचा पुढचा पाय उचलून मला काख दाखवली. केस घासून गेले होते, कातडी लाल.

"मामा, हे कोणी घातलं?"

"मी. जरा मोठा घेतला."

"हा सैल आहे म्हणून पुढं सरकतो आणि इथं घासतो. ओढलं की गळ्यावर चढतो. आणि मुख्य म्हणजे, हा कुत्र्यानं ओढू नये म्हणून नाहीच. नीट ओढता यावं म्हणून असतो. मी खंड्याला लावून कालव्यावर पळते ना, त्याच्यासाठी."

खंड्या म्हणजे तिचा गावठी कुत्रा. ओसरीवर घोरत होता. त्या वस्तीवर दिवसा साखळी नसलेलं कुत्रं तेवढंच.

म्हणजे मी शैलाच्या हातात काय दिलं होतं? वाऱ्याला शीड लावून दिलं होतं, आणि तेही ढगळ.

फोनवर शैलाने विचारलं, "जेवली का?"

"जेवलो. भरीत होतं."

"तुमचं नाही विचारलं."

दुसरा दिवस

सकाळी उठलो तर विलासरावांनी प्रश्न सोडवलेला होता. फौजी माणूस, अडचण दिसली की कूच करतो. त्यांनी रात्रीतून लाकडाची वीतभर पट्टी तासून, तिला गोधडीचं अस्तर लावून, चक्क एक जू तयार केलं होतं.

"दाजी, बैल मानंनं वढतो. वशिंडाम्होरं जू बसलं पायजे. एकदम फिट."

"आबा, तिला वशिंड आहे का?" स्वप्नाली म्हणाली.

"न्हाई तर न्हाई. मान तर हाय?"

जू मानेवर ठेवलं. भिंगरी खाली बसली. उचललं, ती उठली. ठेवलं, बसली.

"बैल बसला की शेपूट पिरगाळत्यात," विलासराव विचारात पडून म्हणाले. "पर हिचं तोंड शेपटाच्या लय जवळ हाय."

स्वप्नालीने आतून एक निळा हार्नेस आणला. खंड्याला आखूड पडलेला. भिंगरीच्या डोक्यावरून घालू लागली तर कानांशी अडकला.

"अगं, लहान होतोय," मी म्हणालो.

"मामा, जरा ढकलल्यावर गेलं ना डोकं? मग बरोबर आहे. सहज गेलं असतं तर मोठा."

माझी सगळी हयात याच्या उलट गेली होती. तिने माझी बोटं धरून जागा दाखवल्या. गळ्याच्या नळीवर काही नाही, तिथे हात सहज फिरतो. पट्ट्या मिळतात ते छातीच्या हाडावर. कडेला दोन बोटं सपाट जातील एवढीच फट. काखेपासून पट्टा मागे, म्हणजे पाय पुढे टाकताना अडत नाही. दोरी अडकवायची कडी पार शेपटाच्या मुळाशी. मग तिने दोरी मागे ताणून धरली. हार्नेस जागचा हलला नाही. भिंगरी मात्र मान वर करून, कान उभारून, पुढे बघायला लागली.

माझ्या कमरेला स्वप्नालीचा जादा पट्टा. तो पोटावर नाही, खाली कुल्ल्यांवर बसवायचा. माझं पोट आणि कुल्ले यांची हद्द कुठे आहे ते ठरवायला थोडा वेळ गेला. पट्ट्याला लवचीक दोरी, दोरीच्या टोकाला भिंगरी.

"ऊन तापायच्या आत जायचं, आणि मातीवरून," स्वप्नाली म्हणाली. "आज पळू नका. नुसतं भरभर चाला."

हे तिने मला सांगितलं, भिंगरीला नाही.

कालव्याच्या कडेचा रस्ता सरळ होता. एका बाजूला हिरवं, संथ पाणी, दुसऱ्या बाजूला तोडलेला ऊस. पहिल्या झटक्याला मी हात पसरून पंख फडफडवल्यासारखा गेलो. मग काहीतरी जुळलं. हाताला हिसका नव्हता, खांदा निखळत नव्हता. कंबरेतून कुणीतरी मायेने पुढे ढकलावं तसा मी चाललो होतो, नंतर पळत होतो. गेल्या कित्येक वर्षांत मी पळालो नव्हतो, एसटीसाठीसुद्धा नाही. भिंगरीची पाठ सरळ, शेपूट खाली, पाय एका लयीत. सकाळ-संध्याकाळ आमच्या हातात तडफडणारी कुत्री हीच का, असं वाटत होतं.

समोरून मेंढरं आली. माणदेशातली माणसं या दिवसांत उसाच्या वाड्यावर, म्हणजे तोडलेल्या हिरव्या शेंड्यांवर, मेंढरं चारायला इकडे उतरतात. पुढे घोड्यावर बिऱ्हाड, मागे पिवळ्या लुगड्यातली बाई. भिंगरीने मेंढरं पाहिली आणि डावीकडे वळली. डावीकडे रानात जाणारा लहान पाट होता. ती पलीकडे गेली. मी मधेच राहिलो, गुडघाभर चिखलात.

बाईने मेंढरं थांबवली. "आवं पाव्हणं, लागलं का?"

"नाही, नाही."

"मंग बरं." तिने माझ्या कमरेच्या पट्ट्यापासून दोरीवर, दोरीवरून भिंगरीपर्यंत नजर नेली. "येवढा जड गडी वढतीया म्हंजी ताकदीची हाय. नीट खायाला घाला तिला."

माझ्याविषयी तिने एवढंच मत दिलं.

तिसरा दिवस

पळणं जमलं; पण स्वप्नाली सकाळीच म्हणाली की हे अर्धंच झालं. घरी शैलाआत्याजवळ कालवा नाही आणि आत्या पळणार नाही. तिला साध्या पट्ट्यावर सावकाश चालणारी कुत्री पाहिजे. ते नाही जमलं तर आबांचा खुंटा आहेच.

पळून आल्यावर मी साध्या गळपट्ट्यावर भिंगरीला घेऊन निघालो. ती दमली होती, तरी ओढतच राहिली. तिला वाटत होतं, काम चालूच आहे.

विलासराव बैल सोडत होते. पाहत पाहत म्हणाले, "दाजी, तुमी तिला सांगितलंच न्हाई की सुट्टी झाली."

"कसं सांगायचं?"

"हिकडं या."

त्यांनी पाखऱ्या नावाच्या बैलाच्या मानेवरचं जू उचललं. बैल जागचा हलला नाही. विलासरावांनी जू बाजूला ठेवलं, मग दोन्ही तळव्यांनी जिथे जू टेकलेलं असतं ती जागा सावकाश चोळली. बैलाने डोळे अर्धे मिटले, एक मोठा सुस्कारा सोडला. मग दावं हातात घेतलं न घेतलं तोच तो त्यांच्या मागून, माणसाच्या चालीने, पाण्याकडे निघाला. मघापर्यंत गाडी ओढणारं जनावर ते हेच.

"जू चढलं की काम. उतरलं, मान चोळली, की घर. हे रोज, बिनचूक. उतरल्या उतरल्या पळवायचं न्हाई. आन् जू असताना लाड न्हाई करायचं. मंग त्याला वरडून सांगाया लागत न्हाई."

स्वप्नाली बापाकडे बघत होती. "आबा, हे मला कधी बोलला नाहीत."

"तू कवा इचारलं? तुजं समदं मोबाइलात असतंय."

मी भिंगरीला पुन्हा निळा हार्नेस चढवला. थोडं अंतर ओढू दिलं. थांबलो. हार्नेस काढला, आणि छातीच्या हाडावरची जागा दोन्ही हातांनी चोळली. घाई केली नाही. ती आधी वळवळली, मग तिचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं. मग गळपट्टा, मग सावकाश चालणं. ती पुढे गेली की मी उभा राहायचो. साखळी सैल झाली की चालायचो. आंब्यापासून गोठ्यापर्यंत यायला एवढा वेळ लागला की विलासरावांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मधेच हुरडा आणून हातात दिला.

चौथ्या दिवशीही तेच. गोठ्यापासून विहिरीपर्यंत साखळी बहुतेक सैल होती. कोंबड्या आडव्या गेल्या तेव्हा ती ताणली, थरथरली आणि मग मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. हे तिने आजवर कधी केलं नव्हतं.

इस्लामपूर

निघताना विलासरावांनी खुंट्याची साखळी काढली नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. फिरून हिला सोडाया आला की तुमालाच बांधतो." निळा हार्नेस आणि कमरपट्टा स्वप्नालीने माझ्या बॅगेत घातला. भिंगरीचं ताट आणि गोधडी वहिनींनी स्वतः गाडीत आणून ठेवली.

परतताना मुद्दाम वाट वाकडी करून इस्लामपूरला थांबलो. मनात धाकधूक होती. वस्तीवर शहाणी झालेली कुत्री बाजारातही शहाणी राहते का, हे शैलासमोर कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या, गाण्यांचा दणदणाट लावून. माणसं, मोटारसायकली, शेळ्या. भिंगरी माझ्या गुडघ्याला लागून चालली. एका करडाकडे झेपावली, मी थांबलो, ती परत आली. मटणाच्या दुकानापुढे मात्र तिने मला फरफटत नेलं. तिथे माझाही तोल जातो, म्हणून तिला बोललो नाही.

शैलाला फोन लावला. "मी एकटा येत नाहीये."

ती म्हणाली, "फाटकापर्यंत आणा. मग बघू."

सातारा

संध्याकाळी फाटकाशी गाडी थांबवली. शैला पायरीवर उभी होती, प्लॅस्टरचा हात गळ्यात. भिंगरी तिला बघून अख्खी हलायला लागली. शैला एक पायरी मागे सरली. ते मला दिसलं, आणि भिंगरीलाही दिसलं असावं.

मी भिंगरीला खाली उतरवलं. बॅगेतला निळा हार्नेस तिच्या अंगावर चढवला, कोपऱ्यापर्यंत ओढू दिलं, परत आणलं, काढला. खाली बसून तिची छाती चोळली. तिने तो मोठा सुस्कारा सोडला. मग गळपट्ट्याची साखळी शैलाच्या डाव्या हातापुढे धरली.

शैलाने ती लगेच घेतली नाही. दूधवाला नेमका तेव्हाच आला आणि नशिबाने गप्प राहिला. मग तिने साखळी घेतली, दोन बोटांत, तापलेली किटली धरावी तशी. दोघी निघाल्या. मी मागे. विजेच्या खांबापाशी तेच मांजर बसलं होतं. भिंगरी थांबली, कान उभे. शैलाही थांबली; तिची पाठ ताठ झालेली मला मागून दिसत होती. साखळी ताणली, आणि सैल पडली. भिंगरीने मान वळवून वर शैलाकडे पाहिलं.

टाकीपर्यंत जाऊन दोघी परत आल्या. तोवर साखळी शैलाच्या सगळ्या बोटांत होती.

रात्री भिंगरीला भाकरी शैलानेच घातली. मी खुर्चीत पाय पसरून तिला कालवा, पाट, चिखल असं सगळं रंगवून सांगत होतो. ती ऐकतेय का नाही कळेना. माझ्या बॅगेतला कमरपट्टा काढून ती दिव्याखाली उलटसुलट करून बघत होती.

"हा घालून तुम्ही पळालात?"

"पळालो म्हणजे... तिने पळवलं."

तिने पट्टा स्वतःच्या साडीवरून कमरेला लावून पाहिला. तो तिच्याभोवती दीड वेढे झाला.

"प्लॅस्टर निघेपर्यंत मलापण एक मागवा," ती म्हणाली. "आणि हे बघा, मापाचा मागवा. मला आता वाढायचं नाहीये."